डबा सासऱ्यांचा, कढई सगळ्यांची

पत्र : ताई, गोळी चालू असूनही सासऱ्यांचं एलडीएल, म्हणजे रक्तातलं 'वाईट' कोलेस्टेरॉल, हवं तितकं उतरत नव्हतं. डॉक्टरांना विचारून आम्ही वनस्पती स्टेरॉल घातलेलं, लोण्यासारखं स्प्रेड आणलं. डब्यावर 'कोलेस्टेरॉल कमी करण्यास मदत' असं वाचल्यापासून सासूबाई सगळ्यालाच ते वापरतात. परतायला तेच, भाजायला तेच, तळायलासुद्धा तेच. तळून उरलेलं गाळून बरणीत ठेवतात आणि दोन दिवसांनी परत कढईत ओततात. दीर म्हणतात, स्टेरॉल तापलं की त्याचं विष होतं, कोलेस्टेरॉलपेक्षा वाईट. नवरा म्हणतो, तापवल्यावर त्यातला गुणच उडून जातो, मग आणायचं कशाला? नणंद पाच महिन्यांची गरोदर आहे, माझा मुलगा चार वर्षांचा आहे, आणि दोघंही त्याच कढईतलं खातात. सासूबाईंना दुखवायचं नाहीये, पण खरं काय ते सांगा.
— कढईजवळची सून

उत्तर : सूनबाई, आधी ती बरणी रिकामी करून या, मग पुढचं वाचा. बाकीचं उद्यावर गेलं तरी चालेल.

आता नवऱ्याचं म्हणणं आधी घेते, कारण ते चटकन निकाली निघतं. स्टेरॉल म्हणजे काही अत्तर नव्हे, भांडं तापलं की वाफेबरोबर निघून जायला. वनस्पती स्टेरॉलांच्या कुटुंबातला थोरला म्हणजे सिटोस्टेरॉल. सुट्ट्या रूपात तो १४० अंश सेल्सिअसच्या आसपास नुसता वितळतो. शिवाय हे स्टेरॉल कारखान्यात कुठून येतं ते पाहिलं की गंमत वाटेल. वनस्पती तेल शुद्ध करताना त्याचा वास काढावा लागतो. त्यासाठी ते जवळजवळ निर्वात टाकीत २०० अंशांच्या वर तापवतात आणि त्यातून पाण्याची वाफ सोडतात. एवढं केल्यावर कुठं वाफेबरोबर जे बाहेर पडतं ते थंड करून गोळा करतात, आणि त्या चिकट गाळात स्टेरॉल सापडतं. दुसरा मोठा साठा कागदाच्या उद्योगातला. पाइनच्या लाकडाचा लगदा करताना टॉल ऑइल नावाचं जे तेल सुटतं, त्यातूनही ते काढतात. म्हणजे डब्यात येण्याआधीच त्यातल्या बऱ्याचशा स्टेरॉलनं तुमच्या कढईपेक्षा कडक उन्हाळे पाहिलेले असतात. ब्रेड आणि केकसारख्या भाजलेल्या पदार्थांत स्टेरॉल घालून लोकांना खायला दिलं, तेव्हाही एलडीएल उतरलेलं आहे. गुण उडून जात नाही.

त्या निर्वात टाकीची गोष्ट लक्षात असू द्या. दिरांच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे.

दिरांनी 'विष' म्हटलं ते जरा जास्त झालं, पण त्यांनी कुठूनतरी बरोबर धागा पकडलेला आहे. वनस्पती स्टेरॉल हा कोलेस्टेरॉलचा जवळपास जुळा भाऊ. रेणूचा चार कड्यांचा सांगाडा तोच, फरक फक्त शेपटीत. कॅम्पेस्टेरॉल नावाच्या वनस्पती स्टेरॉलच्या शेपटीला एक कार्बन जास्त, सिटोस्टेरॉलच्या शेपटीला दोन. या साम्यामुळेच तो कामाला येतो. आतड्यात पित्ताच्या मदतीनं चरबीचे अतिसूक्ष्म थेंब तयार होतात, आणि कोलेस्टेरॉलला शरीरात शिरायचं तर त्या थेंबांत बसूनच जावं लागतं. तिथं जागा मोजक्या. जेवणाबरोबर भरपूर स्टेरॉल आलं की ते त्या जागा अडवतं आणि बरंचसं कोलेस्टेरॉल बाहेरचा रस्ता धरतं. कोलेस्टेरॉल साधारण निम्मं शोषलं जातं, वनस्पती स्टेरॉल पाच टक्क्यांहूनही कमी. आत शिरलेल्यातलंही बरंच आतड्याच्या पेशी पंपानं परत बाहेर टाकतात.

पण जुळा भाऊ म्हटल्यावर दुखणीही तीच. दोघांच्या सांगाड्यात पाचव्या आणि सहाव्या कार्बनमध्ये दुहेरी बंध आहे आणि त्याच्या शेजारचा सातवा कार्बन म्हणजे कच्चा दुवा. प्राणवायू तिथं हल्ला चढवतो. त्यातून सात-कीटो, सात-हायड्रॉक्सी, इपॉक्साइड अशी नावं असलेली संयुगं तयार होतात. एकत्रितपणे त्यांना स्टेरॉलची ऑक्सिडेशन उत्पादनं म्हणतात. कोलेस्टेरॉलच्या अशाच संयुगांनी प्रयोगशाळेत रक्तवाहिन्यांच्या पेशींना इजा होते, म्हणून शास्त्रज्ञांनी वनस्पती स्टेरॉलच्या संयुगांकडेही संशयानं पाहिलं. दिरांनी वाचलेलं बहुधा हेच असणार.

आता प्रश्न मात्रेचा. पेशींना इजा झाल्याचे प्रयोग ज्या तीव्रतेला झाले, तिच्या मानानं माणसाच्या रक्तात सापडणारं प्रमाण अगदी नगण्य असतं. आणि मुळात बनतं किती? तव्यावर पाच-दहा मिनिटं परतलं तर स्टेरॉलचा फार लहान भाग बदलतो, बहुतेक मोजण्यांत टक्का-दोन टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी. तेच उघड्या भांड्यात १८० अंशांवर तासन् तास ठेवलं तर चित्र पालटतं. दिवसभर तापवलेल्या नमुन्यांत मूळ स्टेरॉलचा मोठा हिस्सा गायब झालेला दिसतो. त्यातही एक खोच आहे. जितकं स्टेरॉल नाहीसं झालं, तितकी ऑक्सिडेशन उत्पादनं सापडत नाहीत. नाहीशा झालेल्यांतले बाकीचे रेणू एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि नेहमीच्या चाचणीच्या नजरेतून सुटतात. म्हणून 'ऑक्साइड फार सापडले नाहीत, म्हणजे तेल ठीक' असं कुणी म्हणालं, तर मी मान डोलावत नाही.

आणि आता ती टाकी आठवा. तिथं २०० अंशांच्या वर तापूनही स्टेरॉल टिकतं, कारण तिथं हवा नाही. तुमच्या कढईत तापमान तिच्याहून कमी आहे, पण हवा भरपूर आहे. तेव्हा 'किती अंशांवर' एवढंच विचारून भागत नाही. किती वेळ, किती पसरट थरात, कितव्यांदा, हेही विचारावं लागतं. मी तेलांच्या प्रयोगशाळेत होते तेव्हा आमच्याकडे एकच तेल दोन भांड्यांत तापवून दाखवायचे, उभ्या चिंचोळ्या भांड्यात आणि पसरट ताटलीत. ताटलीतलं तेल आधी म्हातारं व्हायचं. पुस्तकातल्या आलेखांपेक्षा मला ती ताटली जास्त आठवते.

थोडं विषयांतर करते, कारण ही गोष्ट ऐकून मीही एकेकाळी चकित झाले होते. घट्ट, संपृक्त चरबी उष्णतेला टिकते हे आपण ऐकलेलं असतं, म्हणून वाटतं की स्टेरॉलही तिच्यात सुरक्षित राहील. १८० अंशांना उलटंच दिसतं. असंपृक्त तेलात प्राणवायू आधी तेलावरच तुटून पडतो आणि स्टेरॉल बचावतं. संपृक्त चरबीत खायला दुसरं काही नसतं, मग स्टेरॉलची पाळी येते. १०० अंशांच्या आसपास मात्र असंपृक्त तेलातलं स्टेरॉलच आधी बिघडतं. अर्थात तेल बिघडून स्टेरॉल वाचलं, यात आनंद मानायचं कारण नाही. आणखी एक म्हणजे काही वनस्पतींमधला अॅव्हेनास्टेरॉल नावाचा भाऊबंद तळणाच्या तेलाचं घट्ट, चिकट होणं लांबवतो. म्हणजे 'स्टेरॉल' या एका शब्दात रक्षकही आहेत आणि बळी जाणारेही. तुमच्या डब्यावर 'स्टॅनॉल' लिहिलं असेल तर तो कच्चा दुहेरी बंध हायड्रोजन जोडून भरून टाकलेला असतो, त्यामुळे तो प्रकार ऑक्सिडेशनला जास्त दाद देत नाही. असं मार्गारिन १९९५ मध्ये फिनलंडमध्ये पहिल्यांदा विक्रीला आलं.

बरणीकडे येते. तिथं स्टेरॉलपेक्षा मोठी काळजी खुद्द चरबीची आहे. स्प्रेड म्हणजे तेल नव्हे. त्यात बऱ्याचदा चाळीस ते साठ टक्के पाणीच असतं, कधी त्याहून जास्त, शिवाय तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारे इमल्सिफायर, मीठ, काहींत दुधाचे घन भाग. कढईत घातलं की आधी ते तडतडतं, उडतं, हात भाजतो. पाणी आटलं की खाली राहिलेले घन भाग करपतात. मग त्यात पदार्थाचा चुरा पडतो. हे सगळं गाळणीतून गाळलं तरी चरबीत तयार झालेली पेरॉक्साइडं काही गाळणीत अडकत नाहीत. दुसऱ्यांदा तापवताना तीच विरजणासारखी काम करतात आणि ताजी चरबी झपाट्यानं नासवतात. भांडं लोखंडाचं किंवा तांब्याचं असेल तर त्यात आणखी भर. असली चरबी खवट, काळपट, फेसाळ होते, लवकर धूर सोडते. साध्या तेलाचंही असंच होतं, पण साध्या तेलाला निदान कुणी औषध समजून जपून ठेवत नाही.

स्वयंपाकात या डब्याला जागा कुठं, हे मी असं सांगेन. शिजून खाली उतरवलेल्या पदार्थावर घालणं सगळ्यात उत्तम. पाण्यात शिजणाऱ्या पदार्थात घालायलाही हरकत नाही, तिथं तापमान १०० अंशांच्या फारसं पुढं जात नाही. ओव्हनमध्ये भाजणं चालेल. ओव्हन १८० वर असला तरी पदार्थाचा मऊ गाभा शंभराच्या आसपासच राहतो, फक्त वरची साल जास्त तापते. तव्यावर कमी आचेवर झटपट परतणं अधूनमधून चालेल, तेही डब्यावर 'परतण्यास योग्य' असं लिहिलं असेल तर. तळणं नाही, आणि उरलेलं पुन्हा वापरणं तर अजिबात नाही.

हे सगळं झालं, पण तुमच्या पत्रातली मला सर्वांत खटकलेली गोष्ट तापमानाची नाहीच. सासऱ्यांच्या पोटात स्टेरॉल नेमकं किती जातंय, हे तुमच्या घरात कुणालाच माहीत नाही.

हिशोब करू. १.५ ते ३ ग्रॅम स्टेरॉल रोज घेतलं तर एलडीएल साधारण ७ ते १२ टक्के उतरतं, आणि फरक दोन-तीन आठवड्यांत दिसू लागतो. दिवसाला २ ग्रॅम हे व्यवहारातलं सोयीचं लक्ष्य. बऱ्याच स्प्रेडमध्ये १०० ग्रॅममागे ७-८ ग्रॅम स्टेरॉल असतं, म्हणजे २ ग्रॅमसाठी दिवसाला २५ ते ३० ग्रॅम स्प्रेड लागेल. लेबल वाचताना एक फसगत टाळा. स्टेरॉल चरबीत नीट विरघळत नाही, म्हणून कारखान्यात त्याला फॅटी आम्ल जोडून एस्टर बनवतात. १ ग्रॅम स्टेरॉल मिळायला सुमारे १.६ ते १.७ ग्रॅम एस्टर लागतं. डब्यावर आकडा 'स्टेरॉल'चा आहे की 'स्टेरॉल एस्टर'चा, ते पाहून घ्या.

आता हेच २५ ग्रॅम सासूबाई कढईत घालतात. त्यातलं काही कढईला चिकटतं, काही त्या बरणीत जातं, उरलेलं घरातल्या सगळ्यांच्या ताटांत वाटलं जातं. सासऱ्यांच्या वाट्याला स्टेरॉल येतं जेमतेम पाव ग्रॅम. एवढं, म्हणजे १५० ते ४०० मिलिग्रॅम, तर माणूस रोजच्या साध्या जेवणातल्या तेलांतून, धान्यांतून, भाज्यांतून तसंही खात असतो. नवऱ्याला वाटतं गुण उडून गेला. तो उडाला नाही, वाटला गेला. १९५० च्या दशकात सिटोस्टेरॉल औषध म्हणून विकलं जायचं तेव्हा ते सुट्टं, नीट न विरघळणारं असल्यामुळे मोठाले डोस घ्यावे लागत. एस्टरमुळे ते काम थोडक्या ग्रॅमांत होऊ लागलं, पण ते थोडके ग्रॅम एकाच माणसाच्या ताटात पडले तरच.

म्हणून सासऱ्यांच्या नावाने रोज मोजून, जेवणाबरोबर, न तापवता. उपाशीपोटी नको, कारण पित्त सुटलं नाही तर त्या थेंबांचा खेळ रंगत नाही. आणि हे स्प्रेड आधीच्या चरबीच्या ऐवजी, तिच्या जोडीला नव्हे. नाहीतर एलडीएल उतरायचं बाजूला राहून वजनच वाढायचं. ३ ग्रॅमच्या वर जाऊन जास्त फायदा पदरात पडत नाही, त्यामुळे 'दोन चमचे अजून' हा उत्साह आवरा. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनं २००८ मध्ये शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंतचं सेवन मान्य धरलं आहे. ६० किलोच्या माणसाला ते २.४ ग्रॅम होतं.

गोळी बंद करायची नाही. ती बहुधा स्टॅटिनची असेल. स्टॅटिन यकृतातली कोलेस्टेरॉलची निर्मिती अडवतं, स्टेरॉल आतड्यातली आवक. दोघांची कामं वेगळी, त्यामुळे एकत्र चालतात. पण स्टेरॉलनं आकडा उतरतो एवढंच दाखवता आलेलं आहे. त्यानं हृदयविकाराचे झटके कमी होतात, असं सिद्ध करणारी मोठी चाचणी झालेली नाही. इंग्लंडमधली नाइस ही मार्गदर्शक संस्था तर हृदयविकार टाळण्यासाठी स्टेरॉल सुचवू नका, असंच डॉक्टरांना सांगते. मी तितकी कठोर नाही. डॉक्टरांनी होकार दिलाय, तर दोन महिने नीट मोजून द्या आणि रक्त तपासा. आकडा हलला नाही तर डबा आणणं थांबवा, मनाला लावून घेऊ नका.

नणंद आणि मुलगा यांच्याबद्दल मात्र मी ठाम आहे. युरोपीय महासंघाच्या नियमांनुसार अशा पदार्थांवर लिहावंच लागतं की गरोदर, अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि पाच वर्षांखालील मुलांसाठी हे योग्य नसू शकतं. याचं एक कारण असं की स्टेरॉल कोलेस्टेरॉलबरोबर बीटा-कॅरोटीनसारखी चरबीत विरघळणारी रंगद्रव्यंही थोडी अडवतं. सासऱ्यांना त्यावर उपाय सोपा आहे, रोज एखादी नारिंगी किंवा गडद हिरवी भाजी, फळं. गर्भातल्या आणि वाढत्या जिवाला मात्र कोलेस्टेरॉल लागतं, आणि ज्याचं एलडीएल वाढलेलंच नाही त्याचं ते उतरवण्यात कुणाचंच भलं नाही. आतापर्यंत खाल्लं त्याचं काय? वाटणीचा हिशोब वर केलाच आहे. प्रत्येकाच्या पोटात फार थोडं गेलंय. घाबरू नका, नणंदेला पुढच्या तपासणीत डॉक्टरांना सहज सांगू द्या, आणि आजपासून त्यांची कढई वेगळ्या तेलाची.

एक दुर्मीळ गोष्ट विचारून ठेवते. घरात कुणाला लहानपणीच कातडीखाली किंवा स्नायूबंधांवर पिवळसर गाठी आल्या होत्या का, किंवा तरुणपणीच हृदयविकार झाला का? सिटोस्टेरोलेमिया नावाचा एक आनुवंशिक विकार आहे. १९७४ मध्ये दोन बहिणींमध्ये तो पहिल्यांदा ओळखला गेला. स्टेरॉल परत बाहेर फेकणारे ते पंप त्यात बिघडलेले असतात आणि वनस्पती स्टेरॉल रक्तात साचत जातं. अशा माणसाला हा डबा खरोखरच घातक. तुमच्याकडे असं काही नसेल तर हा परिच्छेद विसरून जा.

डबा वापरून झाला की झाकण घट्ट, फ्रिजमध्ये, उजेडापासून दूर. खवट वास आला तर तारीख बघत बसू नका, टाकून द्या.

आता सासूबाई. त्यांना 'तुम्ही चुकीचं वापरता' असं सांगायला जाऊ नका. त्यांनी तो डबा सगळ्यांना दिला कारण तो चांगला आहे असं त्यांना वाटलं, आणि तेवढ्याच काळजीनं त्या तो एकट्या माणसासाठी जपूही शकतील. 'आई, बाबांना रोज मोजून द्यायचंय, माझ्या लक्षात राहत नाही, तुम्ही बघाल का?' असं म्हणून वजनकाटा त्यांच्या हातात द्या. पहिल्या दिवशी २५ ग्रॅम किती दिसतं ते काट्यावर पाहिलं की पुढं चमच्याचा अंदाज येतो. कढईसाठी साधं तेल, तळण झालं की उरलेलं टाकायचं, हा नियम हवं तर माझ्या नावावर खपवा. आणि डबा ओळखू यावा म्हणून त्यावर आजोबांचं चित्र चिकटवायचं काम तुमच्या मुलाला द्या. कसंही काढलं तरी चालेल, मिशी असली की झालं.